चार खुर्च्या आणि एक कायदेतज्ज्ञ

राजपत्रातील अधिसूचना मुळातून वाचण्याची सवय राजधानीत दोनच वर्गांना असते. एक, त्या काढणारे अधिकारी आणि दुसरा, त्यांना न्यायालयात आव्हान देणारे वकील. त्यामुळे नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याची नियमावली प्रसिद्ध केली, तेव्हा चर्चा झाली ती अडीचशे कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची. त्याच वेळी निघालेली आणखी एक छोटी अधिसूचना मात्र या गदारोळात मागे पडली. माहिती संरक्षण मंडळाचे मुख्यालय राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात राहील आणि मंडळाची सदस्यसंख्या चार असेल, एवढाच तिचा आशय होता. एकशे चाळीस कोटींच्या देशात कोणाची माहिती कोणी, किती आणि कशासाठी वापरली, याचा निवाडा हे चौघे करणार आहेत. दंडाच्या आकड्यापेक्षा या चार खुर्च्यांचा प्रश्न अधिक गंभीर आहे, आणि त्याचे उत्तर कायद्याच्या मसुद्यातच दडलेले आहे.

सन २०२३ च्या या कायद्याचे १९ वे कलम मंडळाच्या सदस्यांची पात्रता सांगते. माहितीचे व्यवस्थापन, सामाजिक किंवा ग्राहक संरक्षणाच्या कायद्यांची अंमलबजावणी, तंटानिवारण, माहिती व दळणवळण तंत्रज्ञान, डिजिटल अर्थव्यवहार, कायदा, नियमन अशा क्षेत्रांतील विशेष ज्ञान वा अनुभव असलेली व्यक्ती चालेल. शिवाय केंद्र सरकारला उपयुक्त वाटेल अशा अन्य कोणत्याही क्षेत्रातील व्यक्तीही चालेल. एवढी लांबलचक यादी दिल्यानंतर कलमाच्या शेवटी एक अट येते. या सदस्यांपैकी किमान एक जण कायद्याचा तज्ज्ञ असावा. दिवाणी न्यायालयाचे अधिकार वापरून साक्षीपुरावा तपासणाऱ्या आणि कोट्यवधींचे दंड ठोठावणाऱ्या संस्थेत कायदा जाणणारा एक तरी माणूस असावा, हे कायद्यात लिहून ठेवावे लागले, यातच बरेच काही आले.

अर्थात, केवळ वकील नेमल्याने प्रश्न सुटेल असेही नाही. एक साधे उदाहरण घ्यावे. समजा, एखाद्या मोबाइल कंपनीकडील लाखो ग्राहकांची माहिती फुटली. ती कोणत्या त्रुटीमुळे फुटली, हा तंत्रज्ञानाचा प्रश्न झाला. ती फुटू नये म्हणून कंपनीने 'वाजवी सुरक्षा उपाय' योजले होते काय, हा कायद्याचा. आणि ते उपाय न योजल्याने कंपनीचा किती पैसा वाचला, किती दंड बसला म्हणजे पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात त्या खर्चाला संचालक मंडळ निमूटपणे मान्यता देईल, हा शुद्ध व्यवहाराचा प्रश्न. दंडाची रक्कम ठरविताना कसूर करणाऱ्याला त्यातून काय लाभ झाला किंवा त्याचा कोणता तोटा टळला, हे पाहावे असे कायद्याचे ३३ वे कलमच सांगते. म्हणजे मंडळाला वकिलाची नजर हवी, अभियंत्याची समज हवी आणि ताळेबंद वाचण्याची सवयही हवी. या तिन्ही गोष्टी एका व्यक्तीत क्वचितच एकत्र येतात. पण जगात अशी माणसे मुळीच नाहीत, असेही नव्हे.

अमेरिकेतील पीटर स्वायर हे त्यांपैकी ठळक नाव. येल विद्यापीठात कायदा शिकलेल्या या गृहस्थांनी वॉशिंग्टनमध्ये वकिली केली, नंतर ओहायो राज्य विद्यापीठात कायद्याचे अध्यापन केले. १९९९ मध्ये बिल क्लिंटन यांच्या प्रशासनाने त्यांना खासगीपणाविषयीचे मुख्य सल्लागार म्हणून व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयात बसविले. कार्यालयाची ही निवड अर्थपूर्ण होती. अर्थसंकल्पाची चावी जेथे असते तेथे बसलेल्या सल्लागाराचे म्हणणे अन्य खाती ऐकून घेतात, हे दिल्लीतील व्यय विभागाशी संबंध आलेल्या कोणालाही निराळे सांगावयास नको. रुग्णांच्या वैद्यकीय माहितीच्या गोपनीयतेची जी नियमावली अमेरिकेत डिसेंबर २००० मध्ये निघाली, तिच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा होता. पुढे एडवर्ड स्नोडेन प्रकरणाने ओबामा प्रशासन अडचणीत आले, तेव्हा २०१३ मध्ये नेमलेल्या पाच जणांच्या आढावा गटात स्वायर होते. या गटाने डिसेंबर २०१३ मध्ये ४६ शिफारशी केल्या. नागरिकांच्या दूरध्वनींच्या नोंदी सरकारने घाऊक प्रमाणात स्वतःकडे साठवू नयेत, ही त्यांतील एक महत्त्वाची शिफारस होती, आणि २०१५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून ती प्रथा थांबविली.

याच २०१३ मध्ये स्वायर कायद्याचे अध्यापन सोडून अटलांटा येथील जॉर्जिया टेक या तंत्रशिक्षण संस्थेच्या व्यवस्थापन महाविद्यालयात प्राध्यापक झाले. वकिलाने व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांपुढे उभे राहावे, हे आपल्याकडे पदावनतीसारखे वाटेल. त्यामागील विचार मात्र सरळ आहे. माहितीचा गैरवापर न्यायालयात सुरू होत नाही; तो कंपनीच्या बैठकीत, नव्या उत्पादनाचा आराखडा ठरताना सुरू होतो. तेथे उद्या जे बसणार आहेत त्यांना कायदा आधीच शिकविलेला बरा. त्यांच्या खात्यावर अपयशही जमा आहे. आपला माग काढू नका, असे संकेतस्थळांना बजावण्याची सोय ग्राहकाला मिळावी म्हणून इंटरनेटची मानके ठरविणाऱ्या संस्थेत जी वाटाघाट चालली होती, तिचे सहअध्यक्षपद स्वायर यांनी भूषविले. जाहिरातदार कंपन्या आणि ग्राहकांचे कैवारी यांच्यात समेट काही झाला नाही आणि तो प्रयत्न विझला. शिवाय प्राध्यापकी करतानाच ते एका मोठ्या वकिली संस्थेशीही जोडलेले राहिले, हेही नोंदविले पाहिजे. तज्ज्ञ म्हणजे संत नव्हे. पण वकिली, सरकार आणि व्यवस्थापनाचा वर्ग यांच्यातून ये-जा करणारा असा माणूस तेथे तयार होऊ शकला आणि दोन राष्ट्राध्यक्षांना त्याचा उपयोग करून घेता आला, ही गोष्ट उरतेच.

जर्मनीतील उदाहरण अधिक जुने आहे. हेस या प्रांताने १९७० मध्ये माहिती संरक्षणाचा जगातील पहिला कायदा केला आणि १९७५ पासून तब्बल सोळा वर्षे त्या प्रांताचे माहिती संरक्षण आयुक्तपद स्पिरोस सिमिटिस या कायद्याच्या प्राध्यापकाने सांभाळले. एकाच माणसाला सोळा वर्षे मिळाल्याने त्या पदाला वजन आले. आपल्या मंडळाच्या सदस्याची मुदत दोन वर्षांची आहे. फेरनियुक्ती होऊ शकते. ती करणार केंद्र सरकार.

भारतात या विषयावर विचार झालाच नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. आणि गंमत अशी, की या विचाराची सूत्रे दीर्घकाळ मुंबई उच्च न्यायालयातून आलेल्या दोन न्यायमूर्तींच्या हाती होती. सोलापुरात जन्मलेले, मुंबईत वकिली केलेले आणि दिल्ली उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म्हणून निवृत्त झालेले अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील गटाने ऑक्टोबर २०१२ मध्ये नियोजन आयोगाला अहवाल दिला आणि खासगीपणाची नऊ तत्त्वे मांडली. त्यानंतर जुलै २०१७ मध्ये न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांची समिती आली. मुंबई दंगलींच्या चौकशीमुळे महाराष्ट्राला आणि सहाव्या वेतन आयोगामुळे केंद्र सरकारच्या प्रत्येक कर्मचाऱ्याला हे नाव परिचित आहे. समिती नेमली गेली त्यानंतर महिन्याच्या आत, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी त्यात आणीबाणीच्या काळातील जबलपूर खटल्याचा, म्हणजे आपल्या वडिलांचा सहभाग असलेला, निर्णय मोडीत काढला. त्या नवांत नागपूरचे न्या. शरद बोबडेही होते.

श्रीकृष्ण समितीची रचना मात्र तपासून पाहण्यासारखी आहे. दूरसंचार सचिव, आधार प्राधिकरणाचे मुख्य कार्यकारी अधिकारी, माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाचे अतिरिक्त सचिव, राष्ट्रीय सायबर सुरक्षा समन्वयक अशी सरकारी मंडळी तीत भरपूर होती. आधार प्राधिकरणाचे तेव्हाचे प्रमुख अजय भूषण पांडे हे महाराष्ट्र केडरचे अधिकारी. ज्या यंत्रणेच्या माहितीसाठ्यावरून देशभर वाद पेटला होता, तिचाच प्रमुख त्या माहितीचे नियम ठरविणार, यावर तेव्हा टीका झाली आणि ती रास्त होती. व्यवस्थापनशास्त्राच्या वतीने इंदूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे संचालक ऋषिकेश कृष्णन, तंत्रज्ञानाच्या वतीने आयआयटीचे संचालक रजत मूना, कायद्याच्या वतीने अध्यक्ष स्वतः आणि विधी या संस्थेचे अर्घ्य सेनगुप्ता. म्हणजे अमेरिकेत जे गुण एका व्यक्तीत दिसले ते आपल्याकडे चार खुर्च्यांत विभागून बसविले गेले. समिती हंगामी असते, तोवर हे चालते. चारी डोकी एका टेबलाभोवती बसून अहवाल लिहितात आणि पांगतात. कायमस्वरूपी मंडळात ते साधणे कठीण.

तरीही श्रीकृष्ण समितीने जुलै २०१८ मध्ये अहवालासोबत जो मसुदा दिला, त्यात या अडचणीची जाण होती. त्यात अध्यक्ष व सहा पूर्णवेळ सदस्यांचे प्राधिकरण सुचविले होते, मुदत पाच वर्षांची होती आणि सदस्यांना या विषयातील किमान दहा वर्षांचा अनुभव हवा होता. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्यांची निवड करणाऱ्या समितीच्या अध्यक्षस्थानी देशाचे सरन्यायाधीश किंवा त्यांनी नेमलेले सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बसणार होते. आता ही निवड समिती पुढील सात वर्षांत कशी आक्रसत गेली, हे संसदेच्या कागदपत्रांतून क्रमाने पाहता येते. डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने मांडलेल्या विधेयकातून न्यायमूर्ती गळाले. कॅबिनेट सचिव, विधी सचिव आणि माहिती तंत्रज्ञान सचिव एवढेच उरले. हे विधेयक देशाला सर्वंकष पाळतीच्या राज्याकडे नेऊ शकते, अशा शब्दांत स्वतः श्रीकृष्ण यांनी तेव्हा इशारा दिला होता.

विधेयक संयुक्त संसदीय समितीकडे गेले. प्रारंभी मीनाक्षी लेखी आणि त्या मंत्री झाल्यावर पी. पी. चौधरी यांनी तिचे अध्यक्षपद सांभाळले. दोन वर्षांच्या कामानंतर १६ डिसेंबर २०२१ रोजी तिचा अहवाल सभागृहांत सादर झाला. जयराम रमेश, मनीष तिवारी यांच्यासारख्या सदस्यांच्या असहमतीच्या टिपण्यांमुळे तो गाजला. मात्र त्यातील एका सूचनेची चर्चा फारशी झाली नाही. सचिवांच्या निवड समितीत महान्यायवादी, एक स्वतंत्र तज्ज्ञ, एखाद्या आयआयटीचे संचालक आणि एखाद्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे संचालक यांचाही समावेश करावा, असे समितीने सुचविले होते. कायदा, तंत्रज्ञान आणि व्यवस्थापन या तिन्ही शाखांचे प्रतिनिधी निवडीच्या वेळी तरी एकत्र बसावेत, एवढा हा विचार साधा आणि शहाणपणाचा होता. सत्ताधारी पक्षाच्या खासदाराच्या अध्यक्षतेखाली तो मांडला गेला होता, हे विशेष.

त्याचे पुढे काय झाले? ३ ऑगस्ट २०२२ रोजी संपूर्ण विधेयकच मागे घेण्यात आले. समितीने ८१ दुरुस्त्या सुचविल्याने नव्याने मांडणे बरे, असे कारण देण्यात आले. नवे विधेयक ३ ऑगस्ट २०२३ रोजी लोकसभेत आले, ७ ऑगस्टला आवाजी मतदानाने संमत झाले आणि ९ ऑगस्टला राज्यसभेने त्यावर शिक्कामोर्तब केले. मणिपूरवरून सभागृहे तापलेली होती, विरोधकांनी राज्यसभेत सभात्याग केला आणि सहा वर्षे रखडलेला कायदा सात दिवसांत पूर्ण झाला. ११ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. निवड कशी करायची, हे कायद्यात न सांगता नियमांवर सोपविले गेले. नव्या नियमांनुसार अध्यक्षाच्या निवडीसाठी कॅबिनेट सचिवांची आणि सदस्यांच्या निवडीसाठी माहिती तंत्रज्ञान सचिवांची समिती असेल. प्रत्येकीत दोन तज्ज्ञ असतील, आणि ते कोणत्या क्षेत्रातील असावेत हे केंद्र सरकारच्या मतावर अवलंबून राहील. आयआयटी नाही, व्यवस्थापन संस्था नाही, महान्यायवादी नाहीत. न्यायमूर्ती तर कधीच गेले होते.

या कायद्याखाली सर्वांत मोठा माहितीसाठा बाळगणारा पक्ष सरकारच आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या क्रमाचा अर्थ लागतो. १७ व्या कलमान्वये केंद्र सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेला सार्वभौमत्व, सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था आदी कारणांसाठी अधिसूचना काढून कायद्यातून मोकळे करू शकते. उरलेल्या प्रकरणांत सरकारी खात्याविरुद्धची तक्रार ज्यांच्यापुढे येईल, त्यांची निवड सचिव करणार, मुदत दोन वर्षांची आणि ती वाढविणे सरकारच्या हाती. योगायोग असा, की मंडळाची अधिसूचना निघाल्यावर आठवडाभरातच, १९ नोव्हेंबर २०२५ रोजी, तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्या. विनोद चंद्रन यांच्या पीठाने न्यायाधिकरण सुधारणा कायदा, २०२१ मधील नेमणुका व मुदतीच्या तरतुदी रद्द केल्या. चार वर्षांची मुदतसुद्धा न्यायाधिकरणाच्या स्वातंत्र्याला बाधक आहे, हे न्यायालय आधीपासून बजावत आले होते. माहिती संरक्षण मंडळ हे न्यायाधिकरण नव्हे, असा युक्तिवाद सरकार करू शकेल. तांत्रिकदृष्ट्या तो टिकेलही. पण चार वर्षे जेथे अपुरी ठरतात तेथे दोन वर्षे पुरेशी कशी, याचे उत्तर त्या युक्तिवादात नाही.

येथे कायद्यातील आणखी एक तरतूद लक्षपूर्वक वाचावयास हवी. मंडळावरून पायउतार झाल्यानंतर एक वर्षपर्यंत सदस्याला केंद्राच्या पूर्वसंमतीशिवाय अन्य नोकरी पत्करता येणार नाही. हेतू चांगला आहे. ज्या कंपनीचा निवाडा केला तिच्याच दारी दुसऱ्या दिवशी हजर होऊ नये, हा. पण परिणाम काय होईल? चाळिशीतला चालती वकिली असलेला मनुष्य दोन वर्षांसाठी अशिले सोडून आणि पुढचे वर्ष अनिश्चित ठेवून येथे का येईल? खासगी कंपनीतला तज्ज्ञ तर नाहीच. ज्याला निवृत्तिवेतन सुरू झाले आहे आणि ज्याचे सरकारी घर आणखी काही काळ टिकले तर हवेच आहे, अशा निवृत्त अधिकाऱ्याला मात्र ही अट मुळीच जाचक नाही. कोणी कुटिल हेतू न बाळगताही हा कायदा आपोआप एकाच वर्गाला दार उघडतो. दुसरा एकच वर्ग असा आहे, ज्याला दोन वर्षे येऊन पुन्हा आपल्या जागी परतणे शक्य आहे: मूळ पदावरील हक्क राखून प्रतिनियुक्तीवर येणारा विद्यापीठाचा वा व्यवस्थापन संस्थेचा प्राध्यापक. परतण्याच्या मुद्द्यावर पूर्वसंमतीचा स्पष्ट खुलासा झाला, तर हा मार्ग खुला होऊ शकतो.

अशी माणसे शोधायला राजधानी क्षेत्राबाहेर जाण्याचीही गरज नाही. द्वारकेत राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे, गुडगावला १९७३ पासूनची व्यवस्थापन संस्था आहे, ओखल्यात माहिती तंत्रज्ञानाची संस्था आहे. राजधानी क्षेत्रातच मोडणाऱ्या रोहतकच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेने तर २०२१ मध्ये बारावीनंतरचा पाच वर्षांचा कायद्याचा एकात्मिक अभ्यासक्रमही सुरू केला. वकील आणि व्यवस्थापक यांना एकाच छपराखाली घडविण्याचा हा उद्योग आपल्याकडे नवा आहे, आणि त्याची फळे दिसायला वेळ लागेल. तोवर या तिन्ही संस्थांच्या भिंती ओलांडणारे जे थोडे प्राध्यापक आहेत, त्यांना सरकार बोलावते काय, हे पाहावे लागेल.

निवृत्त वा सेवेतील अधिकारी या कामास नालायकच असतात, असा याचा अर्थ कोणी काढू नये. उलट उदाहरण महाराष्ट्राचेच आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली प्रत्येक राज्याचा माहिती तंत्रज्ञान सचिव हा न्यायनिर्णय अधिकारी असतो आणि ४३-अ कलमान्वये नुकसानभरपाई देववू शकतो. अनेक राज्यांत ही तरतूद कागदावरच राहिली. महाराष्ट्रात मात्र राजेश अग्रवाल या पदावर असताना त्यांनी ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारींची सुनावणी खरोखरच घेतली आणि खातेदारांच्या बाजूने निकाल दिले. २०१३ मध्ये पुण्याच्या एका व्यावसायिकाला ४५ लाख रुपये देण्याचा आदेश एका बँकेला झाला. एका सचिवाने विषय समजून घेतला आणि सामान्य माणसाला दाद मिळाली. पण या आदेशांवर अपील जेथे व्हायचे, त्या दिल्लीतील सायबर अपील न्यायाधिकरणाची कथा काय? जून २०११ मध्ये त्याचे अध्यक्ष निवृत्त झाले आणि त्यानंतर २०१७ मध्ये ते दूरसंचार न्यायाधिकरणात विलीन होईपर्यंत अध्यक्षच नेमला गेला नाही. सहा वर्षे कार्यालय होते, फायली होत्या, पक्षकार होते. खुर्ची रिकामी होती. कायदा कितीही चांगला असो, खुर्ची कोणाला मिळते आणि मिळते की नाही, यावर त्याचे आयुष्य ठरते, याचा याहून ढळढळीत दाखला सापडणे कठीण.

शिवाय नवा कायदा पूर्णपणे अमलात येताच ते ४३-अ कलमही जाणार आहे. म्हणजे ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई मिळण्याचा हा मार्ग बंद होईल. मंडळ दंड करील आणि तो दंड भारताच्या संचित निधीत जमा होईल. नुकसान नागरिकाचे, जमा सरकारची.

पोटासाठी राजधानीत आलेल्या मराठी माणसाला याचे महत्त्व सहज पटेल. करोलबागेत सोन्याचांदीच्या गलाईचा धंदा करणारा खानापूर-आटपाडीकडचा कारागीर असो, की नोएडातील सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला लागलेली नागपूरची मुलगी असो. भाड्याची खोली घेताना पोलिस पडताळणीच्या अर्जासोबत आधारची प्रत, घरमालकाकडे एक प्रत, दलालाकडे एक, आणि झेरॉक्सच्या दुकानातील संगणकात राहून गेलेली एक. गुडगाव-नोएडाच्या वसाहतींत फाटकावरच्या ॲपमध्ये कामवाल्या बाईचे छायाचित्र, भ्रमणध्वनी आणि ती किती वाजता आली-गेली याची नोंद रोज होते. ती नोंद कोणाच्या संगणकात किती वर्षे पडून राहते, हे तिला कोणी सांगत नाही. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात दिला गेला. ओळख सिद्ध करता न आल्याने ज्यांची अडवणूक होत असे, त्यांना ओळख मिळाली, हे खरे. पण ती ओळख किती हातांतून फिरली, याचा हिशेब मागण्याची जागा त्यानंतरची पंधरा वर्षे निर्माणच झाली नव्हती.

अधिकारीवर्गाचे दुखणे आणखी निराळे आहे. याच कायद्याच्या ४४ व्या कलमाने माहिती अधिकार कायद्यातील ८(१)(ज) हे कलम बदलले आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ पासून लागूही झाला. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे काय, व्यापक जनहित आहे काय, हे जनमाहिती अधिकाऱ्याला तोलावे लागे. संसदेला वा विधिमंडळाला जी माहिती नाकारता येणार नाही ती सामान्य नागरिकालाही नाकारता येणार नाही, असे त्या कलमाला जोडलेले परंतुकही होते. आता 'वैयक्तिक माहिती' एवढे दोन शब्द उरले; परंतुक गेले. ८(२) कलमातील जनहिताची तरतूद कायम आहे, असे सरकार सांगते व ते असत्य नाही. पण आधी नकार, मग जनहिताचा शोध, असा क्रम एकदा पडला, की खालच्या पातळीवरचा अधिकारी सुरक्षित मार्ग पत्करणार. अकोल्यातील एका अंमलबजावणी अधिकाऱ्याच्या सेवातपशिलावरून गाजलेल्या गिरीश देशपांडे खटल्यात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माहिती नाकारण्याच्या बाजूने कौल दिला होता. त्या निकालाचाही आधार जनमाहिती अधिकारी वर्षानुवर्षे घेत आले आहेत. आता कायदाच त्याहून पुढे गेला आहे.

वास्तविक हे तोलणे शक्य असते. न्या. शहा यांच्या अध्यक्षतेखालील दिल्ली उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने १२ जानेवारी २०१० रोजी सरन्यायाधीशांचे कार्यालय माहिती अधिकाराच्या कक्षेत येते, असा निर्णय दिला, तेव्हा न्यायाधीशांचे खासगी आयुष्य आणि त्यांचे सार्वजनिक उत्तरदायित्व यांच्यातील सीमारेषा त्याने बारकाईने आखली होती. पुढे त्याच शहा यांच्या गटाने खासगीपणाचा कायदा माहिती अधिकाराला आवळणारा नसावा, असे बजावले. माहितीच्या अधिकाराचा कायदा केंद्राच्या आधी करणाऱ्या महाराष्ट्राला ही सीमारेषा परकी नाही. प्रश्न आहे तो ती आखणारा माणूस टेबलापाशी असण्याचा.

कायद्यातील मुख्य बंधने मे २०२७ मध्ये लागू होतील. बँका, रुग्णालये, शाळा, मोबाइल कंपन्या आणि सरकारी खाती यांच्याविरुद्धच्या तक्रारी त्यानंतर राजधानी क्षेत्रातील या मंडळाकडे संगणकाद्वारे येऊ लागतील. अपील दूरसंचार न्यायाधिकरणाकडे होईल. तोपर्यंत नियमांत एक छोटी दुरुस्ती करणे सरकारला सहज शक्य आहे. त्यासाठी संसदेचीही गरज नाही. निवड समितीतील दोन तज्ज्ञांच्या जागी संयुक्त समितीने २०२१ मध्ये सुचविलेले दोन संचालक बसवावेत आणि कायदेतज्ज्ञाच्या एका जागेच्या दोन कराव्यात. त्या शिफारशीची प्रत लोधी रस्त्यावरील इलेक्ट्रॉनिक्स निकेतनात असणारच.